मामांच्या दहा जोड्या

माझ्या वहिनीच्या मामांना रिकामी खोली दिसली की झोप येत असे आणि बेकार माणूस दिसला की त्यांची झोप उडत असे. निवारा आणि नोकरी या चिंता ज्याच्या त्याला असतात. मामांनाही त्या होत्या, पण दोन्ही दुसऱ्यांच्या. स्वतःला त्यांना एक खोली होती, खोलीत लोखंडी खाट होती, भिंतीवर मामींचा फोटो होता आणि कॉलेजच्या बागेला पाणी घालायचं कायमचं काम होतं. एवढ्यावर त्यांचं उत्तम भागत होतं. इस्रायलच्या दक्षिणेतल्या त्या लहानशा कॉलेजच्या गावात मी आणि आमचे हे बासष्ट सालच्या अखेरीपासून चौसष्टच्या उन्हाळ्यापर्यंत राहिलो. त्या दिवसांतलं मला आज जे आठवतं त्यात निम्मे मामा आहेत आणि निम्मी निलगिरीची झाडं.

गाव तसं गाव म्हणण्याजोगं नव्हतंच. रेताड टेकाडाच्या कुशीला एक शेतकी कॉलेज, त्याला लागून शिक्षिका तयार करायची शाळा, पाण्याची उंच टाकी, सरकारने ओळीत बांधलेली दुमजली घरं, ज्यांना सगळे हिब्रूत 'शिकून' म्हणत, आणि एक वाण्याचं दुकान. दुपारी दोन ते चार सगळं गाव खिडक्यांच्या फळ्या ओढून निजायचं. त्या वेळी जागं असायचं ते फक्त कॉलेजच्या हिरवळीवरचं पाणी. फिरत्या नळ्यांतून ते गोल गोल उडत राहायचं आणि उन्हात त्याचं पातळ धुकं व्हायचं. संत्र्यांच्या बागा फुलल्या की त्या वासाने डोकं जड होई आणि आपण कशासाठी घराबाहेर पडलो तेच आठवत नसे. मी माझगावची, ट्रामच्या खडखडाटात वाढलेली. मला शांततेची फार भीती वाटायची. त्या गावाने ती घालवली, ती कायमचीच.

वहिनीचे मामा म्हणजे तसे आमचे कोणीच नव्हेत. पण परक्या मुलखात नाती ताणली की ताणली जातात. आम्ही तेव्हा किर्यात मलाखीला एका लाकडी झोपडीत राहत होतो. हे मुंबईच्या गोदीत ड्राफ्ट्समन होते. इथे संत्र्यांचे खोके ठोकायच्या कारखान्यात खिळे मारत होते. आठवड्यातून दोनदा हे कामाच्या कचेरीच्या, म्हणजे लिश्काच्या, खिडकीपाशी जात आणि खिडकीतला माणूस यांना "सवलानूत" म्हणे. सवलानूत म्हणजे धीर. या देशात आल्यावर पहिला शब्द हाच शिकावा लागतो आणि शेवटपर्यंत तो पुरा शिकून होत नाही. अशात एके दिवशी पिशवीभर काकड्या घेऊन मामा आमच्या दारात उभे राहिले. ठेंगणे, काळेसावळे, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर मुंबईहून आणलेली सोला हॅट. त्यांनी ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैलबाजारात बघतात तसं.

"तेरा वर्षं पुरी झालीत ना तुमची?" मामांनी विचारलं.

हे तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते आणि पुढचे केस विरळ व्हायला लागले होते. "झाली," हे म्हणाले.

"शब्बाथची प्रार्थना आपल्या चालीत येते?"

"येते. पण आवाज चांगला नाही."

"आवाजाचं देव बघेल. सामान बांधा. तुमच्यासाठी काम बघितलंय, घर पण बघितलंय."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला राग आला होता, हे मी कबूल करते. पुढे कारण कळलं तेव्हा तो गेला, पण थोडासा मी अजून जपून ठेवला आहे. कारण असं होतं. आम्हा यहुद्यांत सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांवरचे. बायका त्या हिशेबात धरत नाहीत. मामा दोन वर्षांपूर्वी एकटेच इथे आले होते. अलिबागेकडच्या गावात त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती, तिच्यासाठी मामी मागे राहिल्या. निघताना धक्क्यावर मामांनी "आईचं झालं की मग..." एवढंच म्हटलं. तेव्हा मामी म्हणाल्या होत्या, "जिथं आपली दहा माणसं नाहीत तिथं येऊन मी काय करू? दहा झाली की कळवा, मग बघू." पुढच्या वर्षी आई वारली. अट तेवढी राहिली. आणि मामा तर सरळ माणूस, त्यांनी ती अट सरकारी फॉर्म भरावा तशी भरायला घेतली.

आता त्या गावात यहुदी माणसांना काय तोटा? मोरोक्कोचे होते, रुमानियाचे होते, इराकचे होते. मोरोक्कोच्या लोकांनी तर मामांना आपल्या प्रार्थनामंदिरात मानाने बसवलं होतं. पण मामांचं म्हणणं असं की त्यांची प्रार्थना संपते तेव्हा आपल्याला पान सापडतं. शिवाय मामींनी 'आपली' असं म्हटलं होतं. आपली कोण, असं मी एकदा विचारलं. मामा जराही न थांबता म्हणाले, "मासे नारळाच्या दुधात शिजवणारी." दहा पुरुष म्हणजे दहांना काम हवं आणि दहांना घर हवं. ते मिळालं की मामी येणार. मामांच्या सगळ्या विक्षिप्तपणाच्या मुळाशी एवढं एकच होतं, आणि ते गावातल्या रुमानियन कारकुनीणबाईंपासून पाण्याच्या टाकीवरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

माणसं मात्र मामा कधी मोजत नसत. जिवंत माणसांवर बोट ठेवून एक, दोन, तीन म्हटलं की दृष्ट लागते, हे त्यांच्या आजीने त्यांना सांगितलेलं. म्हणून ते चपला मोजत. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दुपारी त्यांच्या खोलीत आपली मंडळी जमली की मामा कशाच्या तरी निमित्ताने बाहेर येत आणि उंबऱ्याबाहेरच्या जोड्या मोजत. त्यामुळे त्यांच्या बोलण्यातही माणसं कमी आणि जोड्याच जास्त यायच्या. "तिसऱ्या जोडीला ताप आलाय." "पाचवी जोडी लष्कराच्या बोलावण्यावर गेली, महिन्याने येईल." आमचे हे सहावी जोडी. मला पहिल्या वर्षभर त्यांनी नावाने हाक मारली नाही, "सहावीच्या घरात कोण आहे?" असं दारातून विचारत. घरात मी असे.

पण घराआधी नोकरीचं सांगते, कारण मामांच्या मते क्रम तसाच असतो. बागेला पाणी घालणाऱ्या माणसाकडे कोणी लक्ष देत नाही आणि त्याच्यासमोर सगळे सगळं बोलतात. त्यामुळे कॉलेजात कुठली जागा रिकामी होणार हे मामांना कॉलेजच्या आधी कळे. ग्रंथालयातली बाई आंबट खायला लागली की मामा तिच्या जागेवर बसवायला माणूस शोधू लागत. वर्कशॉपातल्या मिस्त्रीचं साहेबाशी वाजलं, हे त्यांनी गुलाबाच्या वाफ्यात ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन कचेरीत उभे राहिले. मामांचं हिब्रू म्हणजे मराठीच होती, मधे मधे हिब्रू शब्द सोडलेले. "गेवेरेत," ते कारकुनीणबाईंना म्हणाले, "हा माणूस तोव मेओद, फार चांगला. मुंबईच्या गोदीत होता. जहाजं काढायचा कागदावर. अवोदा द्या." त्या बाई बुखारेस्टच्या. मामांच्या सहवासात त्यांना मराठी कळायला लागली होती आणि त्यांना वाटत होतं की हे हिब्रूच आहे, आपलंच कच्चं आहे. त्यांनी ह्यांना वर्कशॉपात घेतलं. शेताच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचे होते.

माझं काम हा त्यांचा खास पराक्रम. वनस्पतींच्या एका प्रोफेसरांना इंग्रजी पत्रं टाइप करायला कोणी हवं होतं. मी मुंबईत फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. मामांनी जाऊन सांगितलं की बाईला पाच भाषा येतात. मी बाहेर आल्यावर विचारलं, "मामा, पाच कुठल्या?" ते बोटांवर मोजत म्हणाले, "इंग्लिश. मराठी. मुंबईचं हिंदुस्थानी. आमच्या गावची बोली तुला समजते. आणि गप्प बसायला येतं. नोकरीत ही पाचवी फार लागते." प्रोफेसरांनी दोन वर्षांत मला इंग्रजीखेरीज काही विचारलं नाही. त्यांच्या खोलीत सुकवलेल्या पानांचा वास असे आणि खिडकीतून मामांची सोला हॅट हिरवळीवर हळूहळू सरकताना दिसे. किती सुखाचं होतं ते, तेव्हा कळलं नाही.

घरांच्या बाबतीत मात्र मामा सत्याच्या जरा पुढे चालत. आम्हाला घर 'बघितलंय' असं ते म्हणाले होते. गावात पोचलो त्या दुपारी ते आम्हाला शिकूनच्या शेवटच्या ओळीपलीकडे घेऊन गेले. तिथे नुसती रेती होती. चार खुंट्या आणि एक सुतळी. मामा सुतळी ओलांडून आत गेले आणि म्हणाले, "पायताणं काढा, ही ओटी." मग त्यांनी आम्हाला स्वयंपाकघर दाखवलं, खिडकीतून दिसणारी बाग दाखवली, मोरी कुठे असेल ते दाखवलं. "इथं संध्याकाळचा वारा येतो," असं म्हणून ते जिथे वारा येतो तिथे थोडे बाजूला सरकले, आम्हालाही घ्यायला मिळावा म्हणून. गंमत अशी की मला तो वारा खरंच लागला. त्या घराच्या भिंती उभ्या राहायला सात महिने लागले. तोवर आम्ही मामांच्या शेजारच्या खोलीत दाटीवाटीने राहिलो. पण रोज संध्याकाळी आम्ही तिघं त्या सुतळीच्या आत जाऊन बसत होतो. मी आजवर जेवढ्या घरांत राहिले त्या सगळ्यांत ते मला जास्त आवडतं, भिंती यायच्या आधीचं.

घर बांधून झालं की मामा त्याची परीक्षा घेत. परीक्षेची रीत त्यांची स्वतःची होती. भर दुपारी रिकाम्या घरात जायचं, हॅट उशाला घ्यायची आणि फरशीवर आडवं व्हायचं. झोप लागली तर घर चांगलं. सरकारी इंजिनियर किल्ल्या द्यायला आले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात एक माणूस घोरत पडलेला पाहून त्यांनी पोलिसांना बोलवायची भाषा केली. मामा उठून बसले, शांतपणे म्हणाले, "बसेदेर," म्हणजे ठीक आहे, आणि घर पास केलं.

मामींना पत्र लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मामांना वाचता येई, पण लेखणी धरली की सहीपलीकडे हात जात नसे. दर पंधरा दिवसांनी ते निळं हवाई पत्र घेऊन येत, खुर्चीच्या टोकावर बसत आणि सांगत. "पत्र लिहिण्यास कारण की, तिसऱ्या जोडीला बेकरीत काम लागले. सातवी जोडी पेताह तिक्वाहून आली, तिला शिकूनमध्ये वरचा मजला मिळाला, वारा बरा आहे. येथे काकडी चांगली झाली." असंच पान भरे. खाली "तुझा" नाही, काही नाही, नुसती सही. दोन-चार पत्रांनंतर मला राहवेना. मी म्हटलं, "मामा, 'तू ये' म्हणून लिहू का?"

मामा इतके लाजले की त्यांची हॅट हातातून पडली. "काय बोलतेस गो? तिला वाचता येत नाही. मास्तर वाचतात, ओटीवर बसून मोठ्यानं. आळीतल्या सगळ्या बाया जमतात, कोळणी पण येतात मासळी उतरवून. त्यांच्यासमोर 'तू ये'? काकडीचं लिही."

मी काकडीचं लिहिलं. अक्षर माझं सुरेख होतं.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात नऊ जोड्या झाल्या आणि मामांचं पाण्यावरचं लक्ष उडालं. कॉलेजच्या गुलाबांना एकाच दिवशी दोनदा पाणी मिळे आणि डाळिंबांना अजिबात नाही. अशात एका शब्बाथला ते उंबऱ्याबाहेर आले आणि बराच वेळ आत गेलेच नाहीत. मी थर्मासातला चहा घेऊन आले होते. मामा जोड्यांसमोर उकिडवे बसले होते. "बघ गो," ते हळूच म्हणाले. जोड्या दहा होत्या. आत खोलीत दाटी होती, कोण नवीन आलं ते विचारायला गेलं तर ते मोजल्यासारखं झालं असतं, म्हणून आम्ही दोघंही गप्प राहिलो. शब्बाथला लिहायचं नसतं. रविवारी सकाळी सातला मामा हवाई पत्र घेऊन दारात हजर. 'दहा झाली' असं मी लिहिलं आणि पत्र टपालात पडलं. सोमवारी शेजारचा मोरोक्कोवाला मला जिन्यात भेटला. परवा मामांकडे नळ गळतोय ते सांगायला गेलो होतो, म्हणाला, सगळ्यांनी बाहेर जोडे काढलेले दिसले म्हणून मीही काढले, मग मला कोणी उठूच दिलं नाही, तुमची गाणी छान असतात. मी मामांना सांगितलं तेव्हा ते नळी हातात धरून उभे होते. पाणी त्यांच्या स्वतःच्या पायांवर पडत होतं. दुसरं पत्र गेलं, 'मागील पत्रात चूक झाली, नऊच आहेत.' मामींचं उत्तर आलं, 'असू दे. घाई नाही.'

खरी दहावी जोडी हिवाळ्यात, हनुक्काच्या सणाच्या दिवसांत एलातहून आली. बंदरावर क्रेन चालवणारा दणकट माणूस, कॉलेजला ट्रॅक्टर चालवणारा हवा होता, मामांनी त्याला चार पत्रं आणि एक खोटी तार पाठवून आणलं. तारेत 'मामा आजारी' असं होतं. तो धावत आला तर मामा त्याच्यासाठी बघितलेल्या घरात गाढ झोपलेले. त्या शब्बाथला उंबऱ्याबाहेर दहा जोड्या लागल्या. खात्री करायला मामांनी मोरोक्कोवाल्याला आधीच त्याच्या घरी बसवून ठेवलं होतं. प्रार्थना आपल्या चालीत झाली, अगदी सुरुवातीपासून, कोणाचं पान चुकलं नाही. मी बाहेर निलगिरीखाली बसून ऐकत होते. ह्यांचा आवाज खरोखरच वाईट होता. तरी मला रडू आलं.

मी लिहिलं, दहा झाली. या वेळी खरोखर झाली. मामींचं उत्तर यायला महिना लागला. मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात होतं: 'दहा झाली हे ऐकून आनंद वाटला. आपल्या आळीत आता चारच पुरुष उरले. पावसाआधी घराची कौलं परतून घेते. मग बघू.' मामा पुन्हा पुन्हा विचारत होते, "कौलं कशाला परतते ती? जायचंय ना घर सोडून?" जी बाई चार पुरुषांच्या आळीत राहते तिचं दहाशिवाय अडत होतं, हे माझ्या गळी उतरेना. पण ते बोलून दाखवायचं धाडस झालं नाही.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आमचं निघायचं ठरलं. पेताह तिक्वाला पाइपांच्या एका कारखान्यात ह्यांना ड्राफ्ट्समनची जागा मिळत होती. कायमची. गोदी सुटल्यापासून हे जे मागत होते ते समोर आलं होतं. आम्ही गेलो की मामांचे नऊ होणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अकरा दिवस आम्ही ते लपवलं. मामा रोज येत, चहा घेत, मामी आल्यावर त्यांच्या खोलीत दुसरी खाट कुठे बसेल ते पावलं टाकून दाखवत, आणि आम्ही चोरासारखे मान खाली घालून बिस्किटं पुढे करत होतो. बाराव्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला. "वर्कशॉपात नकाशेवाल्याची जागा रिकामी होतेय म्हणतात," ते म्हणाले. "कॉलेजला कळलं, मला नाही. म्हातारा झालो."

मी म्हटलं, "मामा, आम्ही राहतो. अजून होकार कळवलेला नाही."

"कशाला राहता? ह्यांना खिळे ठोकण्यातून मी काढलं ते दुसऱ्या खुंट्याला बांधायला नाही काढलं." मग त्यांनी विचारलं, "तिथं घर कोणी बघितलं?" आम्ही अजून पाहिलं नव्हतं हे ऐकून मात्र त्यांना खरोखरचा राग आला.

पुढच्या आठवड्यात ते आमच्याबरोबर दोन बस बदलून पेताह तिक्वाला आले. नळ सोडून पाहिले, भिंतींवर टिचक्या मारल्या, शेजारणीला तिचं माहेर विचारलं. मग आम्हाला बाहेर पाठवून हॅट उशाला घेऊन फरशीवर आडवे झाले. आम्ही रस्त्यावर अर्धा तास उभे होतो. मामा बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे टक्क उघडे होते. "घर चांगलं आहे," ते म्हणाले, "घ्या. मलाच आज झोप नाही आली."

निघायच्या दिवशी दुपारी सामान ट्रकमध्ये चढत होतं आणि मामा निळं पत्र घेऊन आले. खुर्च्या गेल्या होत्या. मी ट्रंकेवर बसले, ते दारात उभे राहिले. नेहमीप्रमाणे सांगू लागले. 'पत्र लिहिण्यास कारण की, सहाव्या जोडीला पेताह तिक्वाला कायम काम लागले, घर मी पाहिले. काकडी यंदा कमी. आता नऊच आहेत.' इथे ते थांबले. मी लेखणी उचलून वाट पाहत राहिले. बाहेर हिरवळीवर पाणी फिरत होतं. मामा तिकडे तोंड करून म्हणाले, "लिही. तरी तू ये."

मी मान वर केली नाही. लिहिलं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"कुठं आहे ते दाखव." मी बोट ठेवलं. त्यांनी वाकून ते तीन शब्द मनात वाचले, मग पत्र घेतलं, जिभेने कडा ओली केली आणि दोन्ही हातांनी इतका वेळ दाबून धरली की ट्रकवाल्याने हॉर्न दिला. "मास्तर वाचतील मोठ्यानं," ते म्हणाले. "वाचोत." आणि आमच्याआधी तेच चालू लागले, टपालपेटीकडे.

मामी उन्हाळा सरताना आल्या. आम्ही सुक्कोथच्या सणाच्या सुट्टीत त्यांना भेटायला गेलो. बारीकशा, काटक, नऊवारी नेसलेल्या, हातभर हिरव्या बांगड्या. त्या खोलीत जन्मापासून राहत असल्यासारख्या वावरत होत्या. मामा बागेत पाण्याला गेले होते, पाणी बंद केलं की चहाला येणार होते, हे वर्कशॉपातल्या जुन्या मंडळींकडे. मामी ओलं खोबरं घालून पोहे कालवत होत्या. मी विचारलं, दहावा मिळाला का. "नाही," म्हणाल्या, "नऊच आहेत अजून, हे शोधताहेत."

"मग मामी, तुम्ही कशा आलात? दहा झाली होती तेव्हा तर कौलं परतलीत."

मामींनी पोह्यांतला हात थांबवला नाही. "दोन वर्षं गो पोरी, मला कोणाला बेकरीत काम लागलं ते कळत होतं, कोणाला वरचा मजला मिळाला ते कळत होतं. काकडी किती झाली ते कळत होतं. मला बोलावतंय कोण ते काय कळत नव्हतं. आपणहून जाऊन उभी राहू काय मी, अकरावी?" मग जरा हसल्या. "ते पत्र आलं तेव्हा मास्तर वाचता वाचता थांबले. ओटी भरलेली. मग हळूच, पुटपुटल्यासारखे वाचले ते. मी म्हटलं, मास्तर, मला काय ऐकू आलं नाही, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मी म्हटलं, अजून नाही आलं. मग ते एवढ्या मोठ्यानं वाचले, की रस्त्यावरची कोळीण टोपली खाली ठेवून उभी राहिली."

मला माझी सगळी पत्रं आठवली, वळणदार, एक खाडाखोड नसलेली. इतकी वर्षं झाली, अजून कधी लिहायला बसले की ती आठवतात आणि अपराधी वाटतं. "तुम्हाला ऐकायला कमी येतं हे मामा कधी बोलले नाहीत," मी म्हटलं. मामींनी मान जराशी कलती केली, जागेवरून उठून स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. मी कान देऊन ऐकलं तेव्हा कुठे मला कळलं. पार पलीकडे, कॉलेजच्या हिरवळीवरचं पाणी बंद झालं होतं.